भिडेची किंमत

'भीड भिकेची बहीण' अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. लहानपणी ती आपण ऐकतो, मोठेपणी दुसऱ्याला ऐकवतो, आणि दोन्ही वेळा तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. म्हणीचा रोख पैशाकडे आहे हे उघड आहे. भिडेखातर उसने दिले, भिडेखातर जामीन राहिले, आणि शेवटी हाती कटोरा आला, एवढाच तिचा व्यवहारी अर्थ. परंतु भिडेचा प्रश्न पैशापुरताच असता तर तो जमाखर्चाच्या वहीत मिटला असता. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. भीड हा सद्गुण म्हणावा की दोष? ज्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही, तो माणूस चांगला असतो की नुसता दुबळा असतो? आणि त्याच्या या न निघालेल्या शब्दाची किंमत अखेर भरतो कोण?

हे प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभे केले ते एका लहानशा, चित्रांनी भरलेल्या जपानी पुस्तकाने. हारुकी मुराकामी हे त्याचे लेखक. त्यांचा जन्म १९४९ सालचा. १९८३ साली निघालेल्या त्यांच्या एका कथासंग्रहात 'तोशोकान कितान', म्हणजे ग्रंथालयाची अद्भुत कथा, या नावाची एक गोष्ट होती. पुढे त्यांनी ती नव्याने लिहिली, आणि २००५ साली 'फुशिगी ना तोशोकान', म्हणजे विचित्र ग्रंथालय, या नावाने माकी सासाकी यांच्या चित्रांसह ती स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. २०१४ साली टेड गूसन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आले आणि जपानबाहेरच्या वाचकांना ती ठाऊक झाली. तासाभरात वाचून होणारे हे पुस्तक आहे. मुराकामींच्या जाडजूड कादंबऱ्या वाचणाऱ्या एखाद्याला ते हातचा मळ वाटण्याचा संभव आहे. मी मात्र या पुस्तकाचा चाहता आहे, आणि माझे चाहतेपण काही कारणांवर उभे आहे. ती कारणे सांगावीत, एवढ्यासाठीच हा लेख.

गोष्ट अशी आहे. एक शाळकरी मुलगा सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके परत करायला जातो. एक पुस्तक पाणबुडी कशी बांधावी याचे, दुसरे एका मेंढपाळाच्या आठवणींचे. मग तो आणखी पुस्तके मागतो. ऑटोमन साम्राज्यात कर कसे वसूल करीत, हे त्याला वाचायचे असते. या विषयाची त्याला विशेष ओढ आहे असेही नाही. शाळेतून येताना प्रश्न सहज मनात आला; आणि एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ग्रंथालयात जाऊन शोधावी, असे आईने त्याला लहानपणापासून शिकवलेले. त्याला तळघरातल्या १०७ क्रमांकाच्या खोलीकडे धाडतात. तिथे एक म्हातारा बसलेला असतो. तो करवसुलीवरचे तीन जाड ग्रंथ आणून पुढे ठेवतो, आणि मग सांगतो की हे ग्रंथ घरी नेता येणार नाहीत. ते इथेच, आतल्या वाचनकक्षात बसून वाचले पाहिजेत.

मुलाला घरी जायचे आहे. जेवणाच्या वेळेला तो परतला नाही तर आई काळजीने कासावीस होते. पूर्वी एकदा त्याला एक मोठा काळा कुत्रा चावला होता, तेव्हापासून तिचे हे असे झालेले आहे. पण म्हातारा संतापतो. एवढे श्रम घेऊन तुझ्यासाठी ग्रंथ शोधून आणले, आणि तुला त्यांची किंमत नाही? मुलगा ओशाळतो. थोडा वेळ बसून वाचतो, असे म्हणतो, आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग एका भुलभुलैयात शिरतो. तिथे त्याला मेंढीचे कातडे पांघरलेला एक माणूस भेटतो, आणि पुढे कोठडी लागते. दाराला कुलूप पडते. पायात लोखंडी गोळ्याची बेडी पडते. तिन्ही ग्रंथ महिनाभरात मुखोद्गत करायचे, असा हुकूम होतो. मुखोद्गत झाल्यावर काय होणार आहे, ते मेंढीमाणूस हळूच सांगतो. म्हातारा करवतीने मुलाची कवटी उघडून मेंदू खाणार आहे. ज्ञानाने भरलेला मेंदू फार रुचकर लागतो म्हणे.

पुढचेही सांगून टाकले पाहिजे, कारण सगळा हिशेब शेवटी होतो. मेंढीमाणूस मनाचा चांगला असतो. तो स्वतः तळलेले डोनट मुलाला आणून देतो. एक सुंदर, मुकी मुलगी येते, हातांच्या खुणांनी बोलते आणि सुग्रास जेवण वाढते. अमावास्येच्या रात्री मुलगा आणि मेंढीमाणूस पळ काढतात. आईने दिलेले कातडी बूट मुलाला कोठडीतच टाकून यावे लागतात. बाहेर पडण्याच्या दाराशी म्हातारा वाट पाहत उभा असतो. त्याच्या शेजारी तोच काळा कुत्रा, आणि कुत्र्याच्या दातांत मुलाने घरी पाळलेला पक्षी, आपल्या साळुंकीच्या कुळातला. तो पक्षी फुगत फुगत बैलाएवढा होतो, आणि त्या गोंधळात मुलगा निसटतो. मेंढीमाणूस वाटेत कुठे नाहीसा होतो ते कळत नाही. घरी आई न्याहारी तयार ठेवून बसलेली असते. कुठे होतास, बूट कुठे गेले, ती काही विचारत नाही. पक्षी घरात नसतो. आणि शेवटच्या पानावर तो सांगतो की गेल्या मंगळवारी आई वारली, आता आपण अगदी एकटे आहोत, आणि रात्री दोन वाजता अंधारात पडल्यापडल्या आपण त्या तळघराचा विचार करीत असतो.

या गोष्टीला कोणी अतिवास्तववादी म्हणेल, कोणी स्वप्न म्हणेल, कोणी परीक्षांच्या घाण्याला जुंपलेल्या विद्यार्थ्यांचे रूपक म्हणेल. यातले काहीच चूक नाही. पण मला या पुस्तकात विचित्र वाटली ती गोष्ट निराळीच आहे. मेंढीचे कातडे पांघरलेला माणूस काही पानांत ओळखीचा होतो, बैलाएवढा पक्षीही पटतो. मनात सलत राहते ते एवढेच, की कोठडीचे दार लागेपर्यंत त्या मुलावर कोणीही बळजबरी केलेली नाही. तो आपल्या पायांनी चालत गेला. प्रत्येक वळणावर त्याला परत फिरता आले असते. परत फिरायचे त्याच्या मनातही होते. कोणालाही स्पष्ट 'नाही' म्हणणे आपल्याला जमत नाही, हे तो स्वतःच ओळखून आहे. म्हणजे या गोष्टीतला पहिला भाग अद्भुत नाहीच. तो आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. अद्भुत भाग सुरू होतो तो भिडेने आपले काम पुरे केल्यावर.

भिडेची ही चाल पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि प्रत्येक पायरी इतकी लहान असते की तिच्यावर थांबण्याचे कारण सापडत नाही. १०७ क्रमांकाच्या खोलीत 'नको' म्हटले असते तर म्हाताऱ्याच्या कपाळावर एक आठी पडली असती. भुलभुलैयाच्या तोंडाशी म्हटले असते तर चार शब्द ऐकावे लागले असते. कोठडीच्या उंबऱ्याशी म्हटले असते तर कदाचित झटापट झाली असती. आणि शेवटी जेव्हा त्याने नकार दिला, म्हणजे पळ काढला, तेव्हा त्याला बूट द्यावे लागले, पक्षी द्यावा लागला, मित्र द्यावा लागला. नकाराचा भाव रोज चढत असतो. जो आज आठी चुकवतो, त्याला उद्या तीच आठी व्याजासकट घ्यावी लागते.

हे केवळ गोष्टीतले गणित नाही. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. त्याचा वृत्तान्त १९६३ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून साधीसुधी माणसे आली. त्यांना सांगण्यात आले की पलीकडच्या खोलीतला माणूस पाठ केलेल्या शब्दांत चुकला की त्याला विजेचा धक्का द्यायचा, आणि प्रत्येक चुकीला धक्का वाढवत न्यायचा. यंत्रावर तीस कळी होत्या. पहिली १५ व्होल्टची, शेवटची ४५० व्होल्टची, आणि मधली प्रत्येक पायरी फक्त १५ व्होल्टची. धक्के खोटे होते, पण हे येणाऱ्याला ठाऊक नव्हते. ३०० व्होल्टला पलीकडचा माणूस भिंतीवर हात आपटी, आणि थोड्याच वेळात त्याचे उत्तर येणे बंद होई. तरीही चाळीसांपैकी सव्वीस माणसे शेवटच्या कळीपर्यंत गेली. नंतरच्या अभ्यासकांनी या प्रयोगाच्या पद्धतीवर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. तथापि एक गोष्ट मला विसरता येत नाही. माणसे मधेच उठून का गेली नाहीत, याची कारणे देताना मिलग्रमने त्यांच्या सौजन्याचाही उल्लेख केला आहे. मदत करतो म्हणून कबूल केले होते. आता अध्येमध्ये उठणे बरे दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाचा अवमान होईल. आपण ज्याला भीड म्हणतो ती हीच. पलीकडच्या खोलीतल्या, न दिसणाऱ्या माणसाच्या वेदनेपेक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाची मर्जी त्यांना जड वाटली.

इथे कोणी म्हणेल, की मग काय भीडच सोडून द्यायची? भीडमुर्वत न बाळगणाऱ्या माणसाला आपण कोडगा म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. दुसऱ्याच्या मनाचा विचार करणे, त्याला दुखवायला संकोचणे, यावर समाजाचे सारे वंगण आहे. जपान्यांच्या भाषेत 'एन्र्यो' असा एक शब्द आहे; स्वतःची इच्छा मागे ठेवून दुसऱ्याची अडचण पाहणे असा त्याचा भाव, आणि तो तिथे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानला जातो. आपला 'मुर्वत' हा शब्द तर अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, आणि मुळात त्याचा अर्थ मर्दपणा, मनाचे औदार्य असा आहे. शब्दाच्या पोटात औदार्य आहे, हे विसरून चालणार नाही.

पण औदार्य म्हणजे देणे. आणि देण्यासाठी वस्तू आपल्या हाती असावी लागते. ज्याला नकार देताच येत नाही, त्याच्या होकाराला औदार्य म्हणता येईल काय? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात याच प्रश्नाचा विचार केला आहे. एका टोकाला तो अशा माणसांना ठेवतो, जी कशालाही विरोध करीत नाहीत आणि भेटेल त्याला खूश ठेवणे हेच आपले कर्तव्य समजतात. दुसऱ्या टोकाला उठल्यासुटल्या भांडणारे तुसडे लोक. दोन्ही टोके त्याला निंद्य वाटतात. आणि मधला जो गुण, त्याला भाषेत नावच नाही, असे तो नमूद करतो. तो मैत्रीसारखा दिसतो, एवढेच म्हणतो. असा मधला माणूस दुसऱ्याला सुख देऊ पाहतो, पण ते सुख अनिष्ट किंवा घातक असेल तर खुशाल नाराजी पत्करतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विचारवंताला ज्या गुणासाठी शब्द सापडला नाही, त्याला आपल्याकडेही एक शब्द नाही. भिडस्त म्हणू तर तो दुबळेपणा होतो, स्पष्टवक्ता म्हणू तर त्यात तुसडेपणाचा वास येतो. गोड माणूस आणि खरा माणूस एकाच अंगात नांदतात, यावर आपल्या भाषेचा जणू विश्वासच नाही.

मुराकामींच्या पुस्तकात या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मेंढीमाणसाची. वाचकाला तो आवडतो. त्याचे डोनट आवडतात, त्याचा भित्रेपणा आवडतो. पण तो कोण आहे? तो त्या कोठडीचा राखणदार आहे. मेंदू खाण्याचा बेत त्याला ठाऊक आहे. म्हातारा त्याला छडीने मारतो, केसाळ सुरवंटांच्या बरणीत टाकण्याचा धाक घालतो, आणि तो निमूटपणे सांगितलेले काम करतो. तोही बळीच, हे खरे. पण मुलाच्या भिडेला जर तो एकटाच बळी पडता, तर आपण हळहळून पुस्तक मिटले असते. मेंढीमाणूस दाखवून देतो की ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो कधीच एकटा बळी होत नाही. त्याचा एक हात डोनट तळतो आणि दुसऱ्या हातात किल्ल्या असतात. दुष्ट म्हातारा जगात एखादाच असतो. त्याचे तळघर चालते ते असल्या चांगल्या माणसांच्या जिवावर.

मग म्हातारा कोण? इथे पुस्तकातल्या चित्रांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. माकी सासाकी हे मुराकामींचे जुने सोबती. १९७९ च्या त्यांच्या पहिल्या कादंबरीचे मुखपृष्ठही त्यांचेच. त्यांच्या व्यंगचित्री रेषेमुळे जपानी पुस्तक लहान मुलांच्या गोष्टीसारखे दिसते, आणि आतला मजकूर त्यामुळेच अधिक अंगावर येतो. पण परदेशी प्रकाशकांनी ती चित्रे जशीच्या तशी उचलली नाहीत. जर्मन आवृत्तीसाठी काट मेन्शिक यांनी नवी चित्रे काढली. अमेरिकन आवृत्ती चिप किड यांनी आपल्या पद्धतीने सजवली. ब्रिटिश आवृत्तीत जुन्या पुस्तकांतली चित्रे वेचून घातली आहेत. मजकूर तोच, पण देशोदेशीच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे तळघर निराळे. एरवी मी याला प्रकाशकांची हौस म्हटले असते. या पुस्तकाच्या बाबतीत मात्र ते अर्थपूर्ण वाटते. भीड सर्वत्र एक असते, म्हातारा ज्याचा त्याचा वेगळा असतो. कोणाचा तो वडीलधारा नातेवाईक असतो, कोणाचा साहेब, कोणाचा गुरू.

जपानमध्ये या गुरूला एकदा खराखुरा चेहरा मिळाला. २० मार्च १९९५ रोजी सकाळी ओम शिन्रिक्यो या पंथाच्या अनुयायांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. डझनाहून अधिक माणसे मेली, हजारो बाधित झाली. वायू सोडणाऱ्यांत एक डॉक्टर होता, आणि पदार्थविज्ञान शिकलेले तरुण होते. मुराकामींनी आधी त्या हल्ल्यात सापडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९७ साली त्यांचे पुस्तक केले. मग पंथातल्या माणसांच्याही मुलाखती घेतल्या. ग्रंथालयाची मूळ गोष्ट यापूर्वी बारा वर्षे छापून झालेली होती, तेव्हा ती या घटनेवर लिहिली असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. पण २००५ साली ती नव्या रूपात वाचणाऱ्या जपानी वाचकाच्या मनात ती सकाळ नसेल, असे मला वाटत नाही. जमिनीखालची जागा, सर्वज्ञ असल्याचा आव आणणारा एक वडीलधारा, आणि ज्ञानाने भरलेले मेंदू त्याच्या ताटात आपण होऊन वाढणारी शिकलेली माणसे. ज्ञान हे आज्ञाधारकपणावरचे औषध आहे, अशी आपली समजूत असते. त्या मुलाने तिन्ही ग्रंथ वाचले. करवसुलीचे ज्ञान त्याला झाले. त्या ज्ञानाने बेडीची एक कडीही सैल झाली नाही. उलट ज्ञान वाढेल तसा म्हाताऱ्याचा घास अधिक रुचकर होत होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भिडेची किंमत भरतो कोण? आपण समजतो की ज्याची भीड तोच भरतो, आणि म्हणूनच भिडस्त माणसाकडे आपण थोड्या कौतुकाने पाहतो. बिचारा स्वतः सोसतो पण दुसऱ्याला दुखवत नाही, असे म्हणतो. हे खरे नाही. जामीनकीचेच पाहा. सहकाऱ्याने गळ घातली, नाही म्हणवले नाही, पतपेढीच्या कागदावर सही केली. कर्ज घेणारा परागंदा झाल्यावर पगारातून हप्ते कापले जाऊ लागतात. पगार त्याचा असतो हे खरे. पण थांबते ते मुलीचे शिक्षण, राहून जाते ते बायकोचे औषधपाणी. सही करताना त्या दोघी तिथे नव्हत्या. समोर होता तो सहकारी, आणि त्याचा पडलेला चेहरा. भीड फक्त समोरच्याची पडते. जो समोर नाही, जो घरी निमूटपणे वाट पाहतो, ज्याचे आपल्यावर इतके प्रेम आहे की तो कधी डोळे वटारणार नाही, त्याची भीड पडत नाही. तेव्हा समोरच्याला दिलेला प्रत्येक होकार हा कोणा गैरहजर माणसाला न सांगता दिलेला नकार असतो. भिडस्त माणूस 'नाही' म्हणत नाही, हा आपला भ्रम आहे. तो 'नाही' म्हणतो. फक्त ज्याला ऐकू जाणार नाही अशालाच म्हणतो.

ही एक गोष्ट ध्यानात धरून ते पुस्तक पुन्हा वाचावे. म्हाताऱ्याला मुलाने 'बरे' म्हटले, तेव्हा त्याने कोणाला नकार दिला? ताट वाढून वाट पाहणाऱ्या आईला. कुत्र्याच्या दातांत कोण सापडले? तो नव्हे, घरी पिंजऱ्यात असलेला पक्षी. कोठडीत काय राहिले? आईने दिलेले बूट. शेवटी गेली कोण? आई. लेखकाने एकही उपदेशाचे वाक्य न लिहिता हा हिशेब पुरा केला आहे. मुलाच्या अंगावर ओरखडाही नाही, आणि त्याचे म्हणून जे होते ते सारे गेले आहे.

आपल्या कठोपनिषदातही एक मुलगा वडीलधाऱ्याच्या शब्दाखातर पाताळाच्या दाराशी जातो. बापाने रागाच्या भरात 'तुला मृत्यूला देतो' म्हटले आणि नचिकेता यमाच्या घरी गेला. आज्ञाधारकपणाचा नमुना म्हणून त्याची गोष्ट सांगितली जाते, पण ती नीट वाचली तर तो भिडस्त मुळीच नाही. भाकड गाई दान देणाऱ्या बापाला अडचणीत टाकणारा प्रश्न त्याने एकदा सोडून तीनदा विचारला होता. यमाने हत्ती, सोने, शंभर वर्षांचे पुत्रपौत्र असे सारे पुढे केले, तेव्हा इतक्या थोर यजमानालाही त्याने सरळ नाही म्हटले. आणि मला सर्वांत हृद्य वाटते ती आणखी एक गोष्ट. तीन रात्री उपाशी राहून मिळालेल्या तीन वरांतला पहिला वर त्याने कशासाठी खर्च केला? बापाचा राग शांत व्हावा आणि परत गेल्यावर त्याने आपल्याला आनंदाने ओळखावे, यासाठी. मृत्यूच्या घरी उभे असतानाही त्याला आधी आठवला तो घरी बसलेला, समोर नसलेला माणूस. ब्रह्मज्ञानाचा प्रश्न त्याने शेवटी ठेवला. नम्रता आणि नकार एका अंगात कसे नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आणि ॲरिस्टॉटलला न सापडलेल्या त्या गुणाचे मर्मही यातच असावे. जो गैरहजर माणसाला विसरत नाही, त्याला हजर माणसाला नाही म्हणण्याचे बळ येते.

अर्थात जपानी गोष्टीतला मुलगा नचिकेता नाही, आणि त्याच्यावर नचिकेत्याचे ओझे घालणे अन्यायाचे होईल. तो एक लहान मुलगा आहे. त्याला फसवले ते म्हाताऱ्याने. अपराध म्हाताऱ्याचा, यात शंका ठेवता कामा नये. नाही तर 'तू गेलासच कशाला' असे बळी पडलेल्यालाच विचारण्याची जी आपली जुनी खोड आहे, तिला नीतिशास्त्राचा आधार दिल्यासारखे होईल. पुस्तकातली आई तसे विचारत नाही. ती न्याहारी वाढते. तिच्या त्या न विचारण्यात क्षमा आहे की तिचे मन आधीच कुठे दूर गेले आहे, हे लेखक सांगत नाही. पण मूल मोठे झाल्यावर स्वतःला जे विचारायचे ते विचारतेच. त्या रात्री मी वेळेवर घरी आलो असतो तर? आईच्या आजाराचा आणि त्या रात्रीचा काही संबंध होता की नव्हता, हे पुस्तक सांगत नाही, बहुधा नव्हताच. तरी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेल्या मुलाला तो संबंध दिसतो, आणि ज्याने म्हणून कोणा प्रेमाच्या माणसाला वाट पाहायला लावली असेल त्याला तो दिसल्यावाचून राहणार नाही.

म्हणूनच हे पुस्तक मला बोधकथांपेक्षा अधिक खरे वाटते. बोधकथेत धीर धरणाऱ्याला बक्षीस मिळते. सुटलेला मुलगा घरी येतो आणि सारे सुखाने नांदू लागतात. इथे मुलाने धीर केला, तो सुटला, आणि तरीही हाती काही उरले नाही. मग धीर व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. तो सुटला नसता तर आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्यापाशी कोणी नसते. न्याहारीचे ते ताट कोणासाठी वाढले गेले नसते. उशिरा दिलेल्या नकारानेही एवढे वाचवले. लवकर दिला असता तर किती वाचले असते, एवढाच हिशेब पुस्तक वाचकावर सोडते.

सुटकेची रात्र लेखकाने अमावास्येची निवडली आहे. आपण लक्ष्मीपूजनाचे दिवे लावतो तीही अमावास्याच. आणि या सणाच्या चार दिवसांत भिडेचे राज्य जितके असते तितके एरवी क्वचित असते. आग्रह होतात, शब्द घेतले जातात, माना डोलतात. त्यांतले पुष्कळसे गोड असते आणि ते तसेच राहावे. फक्त मान डोलावण्यापूर्वी एकदा खोलीत कोण नाही ते पाहावे.